विश्लेषण : पोर्ट वाईनमधील भेसळीविरुद्ध लढलेले आणि दोरो नदीत बुडालेले बॅरन फॉरेस्टर कोण होते?

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे पावसाळ्यात उघडले, की भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांचे लक्ष नदीच्या पातळीकडे लागते. धरण झाले की नदीचा स्वभाव बदलतो, जुन्या धारा आणि डोह पाण्याखाली जातात, हे पवनी तालुक्यातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पोर्तुगालमधील दोरो नदीचेही असेच झाले. तिच्या पात्रातील सर्वांत धोक्याचा समजला जाणारा वालेराचा खडकाळ टप्पा १९७६ मध्ये धरणाच्या फुगवट्याखाली गेला. त्याआधी ११५ वर्षे, म्हणजे १८६१ मध्ये, याच टप्प्यात एका माणसाची नाव उलटली आणि तो पुन्हा कधीच सापडला नाही. त्याने आयुष्यातील तब्बल १२ वर्षे त्याच नदीचा नकाशा काढण्यात घालवली होती.

जोसेफ जेम्स फॉरेस्टर हे त्यांचे नाव. जगभरातील संग्राहक आज ज्या जुन्या व्हिंटेज पोर्टच्या बाटल्यांसाठी लिलावात बोली लावतात, त्या पोर्टच्या इतिहासात फॉरेस्टर यांच्याइतका वाद कुणीच घातला नाही. तो वाद काय होता, ते हरले की जिंकले आणि गोव्याच्या ‘पोर्ट’शी याचा काय संबंध, हे समजून घेऊ.

फॉरेस्टर पोर्तुगालला कसे पोहोचले?

फॉरेस्टर यांचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे काका पोर्तो शहरात वाईनचा व्यापार करीत. १८३१ मध्ये, वयाच्या बाविशीत, फॉरेस्टर काकांच्या ऑफ्ली या पेढीत दाखल झाले. काळ धामधुमीचा होता. पोर्तुगालमध्ये गादीसाठी दोन भावांत यादवी पेटली होती आणि १८३२ ते १८३३ या काळात पोर्तो शहराला वेढा पडला होता.

पोर्तोमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची वेगळीच वसाहत होती. त्यांचा क्लब वेगळा, गल्ली वेगळी, भाषाही वेगळी. वाईन जिथे पिकते त्या डोंगराळ दोरो खोऱ्यात जाण्याचे कष्ट त्यांच्यातले फार थोडे घेत. फॉरेस्टर त्याला अपवाद ठरले. ते पोर्तुगीज शिकले, खोऱ्यात फिरले, शेतकऱ्यांच्या घरी राहिले. त्यांचा हात चित्रकलेतही चालत असे. पोर्तोतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या रस्त्याचे त्यांनी १८३४ मध्ये काढलेले चित्र आजही त्या काळाचा दस्तऐवज मानले जाते. पुढे छायाचित्रणाचे तंत्र आले, तेव्हा तेही त्यांनी सुरुवातीच्याच काळात आत्मसात केले.

पोर्ट म्हणजे नेमके काय?

द्राक्षाचा रस आंबवला, की त्यातील साखरेचे अल्कोहोल होते. साखर संपली की आंबवण थांबते आणि कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाईन मिळते. पोर्टमध्ये ही क्रिया मध्येच थांबवतात. अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षापासून काढलेले तीव्र मद्य ओततात. त्यामुळे यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाईन गोड व कडक होते. आजच्या पद्धतीत साधारण ४३५ लिटर रसात ११५ लिटर मद्य मिसळून ५५० लिटरचे एक पिंप भरते. त्या मद्याचे प्रमाण ७७ टक्के असते, तर तयार पोर्टमध्ये अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्के असते.

सुरुवातीला हे मद्य मिसळण्यामागे वेगळे कारण होते. जहाजातून इंग्लंडला जाताना वाईन खराब होऊ नये म्हणून पिंपात थोडी ब्रँडी घालत. टिकवण्यासाठी घातलेली ही चिमूट हळूहळू चवीचाच भाग झाली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीच्या फळांचा रस मिसळला जाई. १७५६ मध्ये पोर्तुगालचे सर्वेसर्वा मंत्री मार्किस द पोंबाल यांनी दोरो खोऱ्याची हद्द आखली, दगडी खांब रोवले आणि निर्यातयोग्य वाईन कोणती हे चाखून ठरवण्याचे काम एका सरकारमान्य कंपनीकडे दिले. हद्द ठरवून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या वाईन प्रदेशांपैकी हा एक आहे. तरीही भेसळ पुरती थांबली नाही.

१८२० चे वर्ष इतके महत्त्वाचे का ठरले?

त्या वर्षी दोरोमध्ये द्राक्षे विलक्षण पिकली. वाईन आपसूकच गडद, गोड आणि भरदार झाली. इंग्लंडमधील ग्राहकांना ती इतकी आवडली, की पुढच्या वर्षी त्यांना तशीच हवी होती. त्याच्याही पुढच्या वर्षी तशीच.

निसर्ग दरवर्षी तसे पीक देत नाही. मग व्यापाऱ्यांनी ते कृत्रिमरीत्या साधायला सुरुवात केली. ब्रँडीचे प्रमाण वाढवले, गोडवा वाढवला, रंग मिसळला. एका वर्षाच्या नशिबाचा नमुना पुढे कायमचा मापदंड झाला. नाशिकच्या बागायतदाराला ही अडचण लगेच कळेल. एका हंगामात निर्यातीला उत्कृष्ट माल गेला, की खरेदीदार पुढच्या प्रत्येक हंगामात त्याच आकाराचा आणि त्याच गोडीचा माल मागतो. पाऊस आणि थंडी मात्र कोणाच्या मागणीप्रमाणे चालत नाहीत.

१८४४ च्या पुस्तिकेत काय होते?

१८४४ मध्ये फॉरेस्टर यांनी पोर्ट वाईनविषयी एक छोटी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते, पण लेखक कोण हे फार काळ लपले नाही. व्यापारी आपल्याच धंद्यावर आरोप करतो आहे, हेच मुळात खळबळजनक होते.

त्यांचा मुद्दा सरळ होता. चांगल्या वर्षीच्या, चांगल्या जमिनीतील द्राक्षांना रंग, साखर आणि भरमसाट ब्रँडीची गरज नसते. या गोष्टी लागतात त्या हलक्या वाईनला भारी म्हणून विकण्यासाठी. परिणामी ज्या शेतकऱ्याने खडकाळ उतारावर उत्तम द्राक्षे पिकवली त्याला आणि ज्याने पाणथळ जागी भरघोस पण पांचट पीक घेतले त्याला जवळपास सारखाच भाव मिळतो. ग्राहकाला बाटलीत काय आहे हे कळत नाही आणि दोरोचे नाव बदनाम होते.

इथपर्यंत त्यांचे म्हणणे अनेकांना पटण्यासारखे होते. फॉरेस्टर मात्र एक पाऊल पुढे गेले. आंबवण मध्ये न थांबवता ते पूर्ण होऊ द्यावे आणि वाईन कोरडी व स्वाभाविक ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. याचा अर्थ पोर्टची ओळखच बदलणे. पोर्तोतील बहुतेक व्यापारी त्यांच्या विरोधात गेले. वृत्तपत्रे आणि पुस्तिकांमधून आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. ब्रिटिश संसदेच्या समितीने १८५२ मध्ये वाईनवरील आयात कराची चौकशी केली, तेव्हा फॉरेस्टर यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. आपली बाजू त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

मग नकाशा कशासाठी?

वादात आकडे आणि जागा ठाऊक असणाऱ्याची बाजू भक्कम होते. कोणती बाग कोणत्या उतारावर आहे, नदी कुठे वळते, कुठे खडक आहेत, हे कागदावर कुणीच नीट मांडले नव्हते. फॉरेस्टर यांनी ते काम अंगावर घेतले. स्पेनच्या सीमेपासून समुद्रापर्यंत दोरोच्या पोर्तुगालमधील सुमारे २०० किलोमीटर पात्राचे सर्वेक्षण त्यांनी केले. तो नकाशा १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पोर्तुगीज सरकारने त्याला अधिकृत मान्यता दिली. वाईनच्या प्रदेशाचा आणि खोऱ्यातील भूगर्भाचा नकाशाही त्यांनी तयार केला.

१८५० च्या दशकात दोरोतील वेलींवर भुरी रोगाची साथ आली. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना हा रोग चांगलाच परिचित आहे. त्यावरील उपायांबद्दलही फॉरेस्टर यांनी लिहिले. १८५५ मध्ये पोर्तुगालने त्यांना बॅरन हा किताब दिला. परक्या देशातील व्यापाऱ्याला असा मान मिळणे दुर्मीळ होते.

१२ मे १८६१ रोजी काय घडले?

त्या काळी दोरोवर राबेलो नावाच्या सपाट तळाच्या लाकडी नावा चालत. मागे लांबलचक वल्हे असे आणि तेच सुकाणूचे काम करी. वाईनची पिंपे घेऊन नाव प्रवाहाबरोबर पोर्तोकडे येई. परतीच्या वाटेवर शिडाच्या आणि प्रसंगी काठावरून दोर ओढणाऱ्या बैलांच्या जोरावर ती वर चढे. आपल्याकडे डोंगा हाकणाऱ्याला जशी प्रत्येक धारेची ओळख असते, तशी ती राबेलोच्या नावाड्यांनाही ठेवावी लागे.

वालेरा इथे दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये अरुंद खडकाळ धार होती. १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत नावा या ठिकाणाच्या पुढे जाऊच शकत नसत. सुरुंग लावून खडक फोडण्याचे काम १७९२ च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा वरच्या खोऱ्याचा मार्ग खुला झाला. धोका मात्र कायम राहिला.

१२ मे १८६१ रोजी फॉरेस्टर वरच्या खोऱ्यातील वेझुव्हिओ या मळ्यातून नावेने खाली निघाले होते. सोबत मळ्याच्या मालकीण दोना अंतोनिया फेरेरा आणि इतर मंडळी होती. वालेराच्या धारेत नाव उलटली. दोना अंतोनिया वाचल्या, फॉरेस्टर बुडाले. त्यांचे वय ५१ होते. मृतदेह मिळाला नाही.

या घटनेभोवती एक आख्यायिका तयार झाली आहे. मजुरांना देण्यासाठी सोन्याची नाणी भरलेला कमरपट्टा फॉरेस्टर यांनी बांधला होता, त्याच्या वजनाने ते तळाला गेले, तर दोना अंतोनिया यांच्या घेरदार झग्यात हवा भरल्याने त्या तरंगत राहिल्या, असे सांगतात. ही गोष्ट दोरोच्या काठावर दीडशेहून अधिक वर्षे सांगितली जात आहे. नकाशातील प्रत्येक खडक ठाऊक असलेला माणूस त्याच खडकांत गेला, हा विरोधाभास मात्र आख्यायिकेचा नाही.

दोना अंतोनिया यांनी जुनी वाईन का साठवली?

१८११ मध्ये जन्मलेल्या दोना अंतोनिया तेहतिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यांनी घरचा व्यवसाय हाती घेतला. अपघातातून वाचल्यानंतर त्या आणखी ३५ वर्षे जगल्या. १८६८ मध्ये पीक मुबलक आले आणि भाव कोसळले, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांकडून मोठ्या प्रमाणात वाईन विकत घेऊन तळघरात ठेवली. त्याच सुमारास फायलोक्सेरा नावाच्या, मुळे कुरतडणाऱ्या सूक्ष्म किडीने दोरोतील बागा ओसाड करायला सुरुवात केली. उत्पादन घटले आणि साठवलेल्या वाईनची किंमत वाढली.

शेतकऱ्याला पडत्या भावात आधार आणि व्यापाऱ्याला पुढे नफा, असे हे गणित होते. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या दोरोतील सर्वांत मोठ्या बागायतदारांपैकी एक होत्या. जुन्या वर्षांच्या बाटल्या जपून ठेवण्याची फेरेरा घराण्याची परंपरा पुढेही चालू राहिली. जुनी पोर्ट ही साठवण्याजोगी मालमत्ता आहे, हे त्यांच्या व्यवहाराने दाखवून दिले.

व्हिंटेज पोर्ट वेगळी का आणि ती चाखतात कशी?

बहुतेक पोर्ट अनेक वर्षांच्या वाईन एकत्र करून बनते. व्हिंटेज पोर्ट मात्र एकाच उत्तम वर्षाच्या पिकाची असते. ती लाकडी पिंपात दोनेक वर्षेच राहते आणि नंतर न गाळता बाटलीत भरली जाते. पुढचे २० ते ५० वर्षांचे मुरणे बाटलीतच होते. अशी वर्षे दशकात साधारण तीनदाच जाहीर होतात. १९४५, १९६३, १९७७, १९९४ आणि २०११ ही संग्राहकांच्या आवडीची वर्षे आहेत.

न गाळल्यामुळे बाटलीत जाड साका बसतो. म्हणून बाटली आडवी ठेवतात. बूच ओले राहते आणि साका एका बाजूला जमतो. जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका असे, तो वरची बाजू दाखवण्यासाठी. बाटली हलवावी लागली तर ठिपका पुन्हा वर येईल अशीच ठेवायची. उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करतात, मग दिव्याच्या उजेडात हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओततात आणि साका मानेजवळ आला की थांबतात. बूच फारच जीर्ण असेल तर लोखंडी चिमटा लालबुंद तापवून बाटलीच्या मानेला लावतात आणि लगेच ओले फडके ठेवतात. काच सरळ रेषेत तडकते आणि मान बुचासकट वेगळी होते. तापमानातील अचानक फरकाने काच फुटते, हेच साधे विज्ञान इथे कामी येते.

चाखताना आधी रंग पाहतात. तरुण पोर्ट जवळपास काळी-जांभळी असते, तर चाळीस-पन्नास वर्षांनी कडेचा रंग विटकरी होतो. तोंड आवळणारा तुरटपणा मऊ झालेला असतो. ताज्या फळांच्या वासाची जागा सुकामेवा, अंजीर आणि मसाल्यांच्या वासाने घेतलेली असते. एकदा उघडलेली जुनी बाटली एक-दोन दिवसांत संपवावी लागते.

खरेदी करताना संग्राहक बाटलीतील पातळी, बुचाची स्थिती आणि ती आजवर कुणाच्या तळघरात होती हे तपासतात. पातळी मानेखाली बरीच उतरली असेल, तर बुचातून गळती झाली किंवा हवा शिरली असे समजतात. थोडक्यात, लेबलावर लिहिले आहे तेच आत आहे का, हाच त्यांचा प्रश्न असतो. १८४४ मध्ये फॉरेस्टर यांनी विचारलेला प्रश्नही हाच होता.

धरणानंतर दोरोचे काय झाले?

१९७० आणि ८० च्या दशकात दोरोच्या पोर्तुगालमधील पात्रावर पाच धरणे झाली. वालेराचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. जहाजांना वर-खाली नेणारे जलपाश बांधले गेल्याने आज पर्यटकांच्या मोठ्या बोटी शांत पाण्यावरून सहज पुढे जातात. ज्या धारेत नावा फुटत, ती आता खोल पाण्याखाली आहे. रेल्वे आणि रस्त्यांमुळे राबेलो त्याआधीच मागे पडल्या होत्या. फॉरेस्टर यांचा नकाशा त्यामुळे एका नाहीशा झालेल्या नदीची नोंद ठरला आहे. १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले, त्यानंतर वैनगंगाकाठची कित्येक गावे विस्थापित झाली. जुने पात्र, घाट आणि उताराच्या वाटा यांचे तपशील आता मुख्यतः नकाशांत आणि जाणत्या माणसांच्या आठवणीत उरले आहेत. मोजून, लिहून ठेवलेल्या गोष्टीची किंमत अशा वेळी कळते.

फॉरेस्टर हरले की जिंकले?

ब्रँडीच्या वादात ते हरले. आज मद्य मिसळल्याशिवाय कोणतीही वाईन पोर्ट म्हणून विकता येत नाही. इतकेच नव्हे, संग्राहक ज्या शंभर वर्षे जुन्या बाटल्यांचे कौतुक करतात, त्या इतकी वर्षे टिकल्या त्यामागे त्याच मद्याचा मोठा हात आहे. फॉरेस्टर यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य झाले असते, तर व्हिंटेज पोर्टचा हा संग्रहच निर्माण झाला नसता.

पण त्यांचा अर्धा मुद्दा टिकला. रंग आणि भेसळ यांना आज थारा नाही. पोर्तो येथील दोरो आणि पोर्ट वाईन संस्थेचे परीक्षक प्रत्येक पोर्ट तपासतात, चाखतात आणि मगच बाटलीच्या मानेवर हमीचा शिक्का लागतो. बागांची प्रतवारी जमीन, उतार आणि उंची पाहून होते. दोरोमध्ये उत्तम कोरडी वाईन होऊ शकते, हा त्यांचा दावाही उशिरा खरा ठरला. १९५२ च्या पिकापासून बार्का व्हेल्या ही मद्य न मिसळलेली लाल वाईन तयार झाली आणि ती पोर्तुगालच्या सर्वांत नावाजलेल्या वाईनपैकी एक झाली. ती काढली फेरेरा पेढीने, म्हणजे नाव उलटली त्या दिवशी वाचलेल्या दोना अंतोनिया यांच्या घराण्याच्या पेढीने. तिच्या नावाचा अर्थही जुनी नाव असाच आहे.

गोव्यातील पोर्ट ही खरी पोर्ट आहे का?

गोव्याची सहल करून येणारे अनेक जण स्वस्त, गोड, लाल वाईनची बाटली सोबत आणतात. तिच्यावर पोर्ट असे लिहिलेले असते. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज राजवटीतून हा शब्द तिथे रुजला. ही वाईन दोरोतील द्राक्षांची नसते. तिच्यासाठी बहुधा दक्षिण भारतातील बंगळूर ब्ल्यूसारखी द्राक्षे वापरतात. ती आवडणे किंवा न आवडणे हा ज्याच्या त्याच्या चवीचा प्रश्न आहे. पण दोरो खोऱ्याबाहेर तयार झालेली वाईन मूळ अर्थाने पोर्ट नव्हे. पोर्तो आणि दोरो ही नावे भारतातही भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेली आहेत. नागपूरची संत्री किंवा नाशिकची द्राक्षे या नावांना जे संरक्षण आपण मागतो, त्याच जातीचे हे संरक्षण आहे.

नावामागे जमीन, माणसे आणि मेहनत असते, म्हणून ते नाव दुसऱ्या मालाला लावू नये, एवढेच फॉरेस्टर यांचे म्हणणे होते. ते मांडणारा माणूस दोरोने परत दिला नाही. त्याचे नाव मात्र ऑफ्लीच्या पोर्टवर आजही छापले जाते.